धक्क्याच्या टोकाचा डाग

४ फेब्रुवारी, सोमवार

आज ग्रंथालयातून कागदांचा डबा घरी आणला आणि तेव्हापासून छातीत धडधडतंय, म्हणून ही नवी वही काढून बसलो. लिहून टाकलं की जरा निवांत वाटतं, ही जुनी खोड.

काम असं आहे. आमच्या गावात एक फोटोवाले होऊन गेले. लग्नाबिग्नाचे फोटो त्यांनी कधी काढले नाहीत. डोंगर, तळं, माळ आणि वरचे ढग, बस्स, तेही काळ्यापांढऱ्यात. एका ढगासाठी तीन-तीन दिवस एका जागी बसून राहायचे, म्हणून लोक त्यांना ढगवाले म्हणायचे. जाऊन अकरा वर्षं झाली. आता ग्रंथालयात त्यांच्या नावाची कायमची खोली होतेय. चाळीस फोटो लागतील आणि त्यांच्या कामावर एक छोटं पुस्तक निघेल. ते लिहायचं मी. मी काही शिकलेला कलावंत नाही. चौतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले, अंधाऱ्या खोलीत धुतले, वाळवले. फोटो छापायला माझा मीच शिकलो, पुस्तकं वाचून आणि कागद नासून. पण ढगवाल्यांच्या एकेका फोटोसमोर तासभर उभा राहणारा गावात मी एकटाच, म्हणून ग्रंथपालबाई माझ्या दारी आल्या.

शिवाय एक फोटो नव्यानं छापायचाय. तळ्यावरचा लाकडी धक्का. ढगवाल्यांनी तो जाण्याआधी दोन वर्षं काढला होता. त्यांनी स्वतः छापलेला एक ग्रंथालयात आहे, तरी त्यांची लेक म्हणते, पुन्हा एकदा छापून बघा. ती औषधांच्या दुकानात काम करते, पन्नाशी उलटलेली, तोंडातून शब्द मोजून काढणारी. का छापायचा ते सांगत नाही. मोठा हवा असेल.

ढगवाल्यांच्या कपाटात त्यांचाच न फोडलेला कागदांचा डबा निघाला. चोवीस कागद. हा कागद करणारी कंपनी केव्हाच बंद पडली, म्हणजे चोवीस वेळा चुकायची मुभा, पुढे नाही. खोली वीस एप्रिलला उघडणार.

ग्रंथालयात उजेड फार कमी. ट्यूब बदला म्हटलं, तर बाई म्हणाल्या, “मागच्याच महिन्यात बदलल्यात काका.” आजकालचा माल, दुसरं काय.

८ फेब्रुवारी

चार दिवस भिंग घेऊन वाकलोय, पाठीचा पार खुळखुळा झालाय. पण ढगवाल्यांची रीत हळूहळू हाती येतेय. खालचा तिसरा भाग ते काळा ठेवतात. पण मेलेला काळा नव्हे. त्यात गवताची पाती सुटी-सुटी मोजता येतात. आकाश वरून दाबत आणलेलं. आणि या सगळ्या भारदस्त काळोखात कुठेतरी एक पांढरा ठिपका. ओला दगड, बगळा, पत्र्याचं छप्पर, एकदा तर नुसती वाळत घातलेली चादर. नखाएवढा, पण सगळ्या रेघा त्याच्याकडे धावत सुटतात. पोरानं गिळलेलं नाणं एक्स-रेत शोधायचो, तसा प्रत्येक फोटोत तो ठिपका शोधला. बत्तीस फोटोंत मिळाला.

शेवटच्या सहा वर्षांतल्या आठ फोटोंत नाही मिळाला. त्यातलाच धक्का. ग्रंथपालबाई या आठांना पांढरेफटक म्हणतात. मला ते उलट डोळ्यांना सुखाचे वाटतात. जुनेच फोटो खिडकीशी नेल्याशिवाय उलगडत नाहीत. कागद काळवंडत चालला असणार.

दुपारी लेक येऊन वडिलांच्या वह्या देऊन गेली. म्हणाली, “बाबा शेवटी-शेवटी दिव्यांवरून फार भांडायचे. घरातले सगळे दिवे बदलले, वीज कंपनीला पत्रं लिहिली. आई असती तर तिनं समजावलं असतं.” हे टिपून ठेवलं. थोर माणसाला उजेडाची तहान असते.

वह्यांतली पेन्सिल मात्र पार पुसट झालीय. वाचवत नाही.

१५ फेब्रुवारी

आज सापडलं. त्या आठ फोटोंचं मर्म. ठिपका का नाही, तर त्यांनी तो सोडला म्हणून. म्हातारपणी माणूस एकेक गोष्ट खाली ठेवत जातो, तसा त्यांनी आधी काळोख खाली ठेवला आणि शेवटी तो लाडका ठिपकाही. बायको गेली, लेक दुरावली, माणूस पांढऱ्यात विरघळला. या भागाला नाव दिलं, ‘विरक्तीचा काळ’. एका बैठकीत चार पानं झाली. माझ्याच अंगावर काटा आला.

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “छान लिहिलंय. पण अहो, तुम्ही चहा बशीतच ओतताय मघापासून, कपात नाही.”

हिला साहित्याचं वावडं आहे.

२३ फेब्रुवारी

मोरीशेजारची अडगळीची खोली रिकामी करून छापायला घेतलं. खिडकीला काळं कापड, लाल दिवा, तीन ट्रे. वरच्या यंत्रातून निगेटिव्हचा उजेड खाली कागदावर पडतो. जिथं काळं नको तिथं हाताची सावली धरायची, आकडे मोजायचे, हात काढायचा. तेवढंच ते कौशल्य, पण त्यातच ढगवाल्यांची हयात गेली.

चार कागद गेले. चौथा प्रिंट मला झकास वाटला. निगेटिव्हवर एक खोट मात्र निघाली. धक्क्याच्या अगदी टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा डाग आहे. आमच्या एक्स-रेच्या फिल्मवर पाण्याचा थेंब वाळला की अगदी असाच पडायचा. कागदावर तो पांढरा उतरतो. बारीक कुंचला घेतला, शाई पाण्यात फिकी केली आणि हलक्या हातानं डाग बुजवला. या कामात माझा हात अजून कापत नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

२४ फेब्रुवारी, रविवार

लेक प्रिंट बघायला आली. आल्या-आल्या धक्क्याच्या टोकाकडेच वाकली.

“काका, इथं काही होतं का?”

“डाग होता. बुजवला.”

तिनं बोट टोकाजवळ नेलं, टेकवलं नाही.

“नीट बुजलाय ना?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “बुजलाय. अगदी बाबांसारखं झालंय.”

एवढी मोठी पावती, पण पोरीचा चेहरा काही खुलला नाही. स्वयंपाकघरात जाऊन हिच्याशी बोलत बसली आणि मला न भेटताच गेली. कौतुक करणं काहींच्या रक्तातच नसतं.

३ मार्च

तळपायाची आग मस्तकात गेलीय. आणखी पाच कागद घालवून दोन प्रिंट ग्रंथालयात नेले. बाईंनी बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितले. म्हणाल्या, “काका, फार फिके आहेत. शेवटच्या काळातले वाटतात.” मी म्हटलं, “अहो, मी मुद्दाम मधल्या काळासारखे गडद केलेत.” त्यावर त्यांनी नुसतं पाणी दिलं. मला भोवळ येतेय असं वाटलं की काय कोण जाणे.

घरी आलो तर ही.

“या फोटोत डोंगर कुठंय?”

“हा काय, समोर.”

“मला नाही दिसत.”

“चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. हा उतार, हा माथा, इथं खाली झाडी.”

“अहो, तुम्ही तिथं सतरा वेळा गेलात. तुम्हाला ठाऊक आहे म्हणून दिसतो. मला कागदावर दिसला पाहिजे ना.”

मग ते दुसरंही बाहेर आलं. ढगवाल्यांच्या लेकीनं हिला त्या रविवारी सांगितलं होतं. धक्क्याचा फोटो काढला त्या दिवशी ती स्वतः टोकाशी उभी होती. दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत, अंगावर दुकानाचा पांढरा कोट तसाच. बापानंच उभं केलं होतं. अर्ध्या तासाची सुट्टी, त्यांनी ढगापायी तास केला, आणि मालकानं तिला सगळ्यांसमोर झापलं. त्याआधी सहा महिने बापलेकीत अबोला होता. तिनं त्यांची अंधारी खोली पुढं चालवण्याऐवजी ती नोकरी धरली म्हणून. त्या दिवशी बोलावलं तेव्हा तिला वाटलं, चला, मिटलं. मग फोटो छापून आला. त्यात ती नव्हती. नुसतं पाणी.

“पुसून टाकलं म्हणे तिला,” ही म्हणाली. “इतकी वर्षं तेच घेऊन बसलीय पोर. म्हणून पुन्हा छापायला सांगतेय. फिल्मवर तरी आहे का बघायला.”

मी म्हटलं, मी भिंगातून पाहिलंय, तिथं माणूस नाही, डाग आहे. पोरीला भास होतोय. चौतीस वर्षं सावल्या वाचल्यात मी. ही उठून भांडी घासायला गेली. आज भांडी जरा जास्तच वाजली.

पंधरा कागद उरले.

९ मार्च

वायरमनला बोलावलं. खोलीत प्रिंट तपासायला जो साधा दिवा लावतो, त्याचा उजेड मेणबत्तीसारखा पडतो. वायरमननं मीटर लावलं, म्हणाला, “आजोबा, वीज एकदम बरोबर आहे. याहून मोठा दिवा लावला तर होल्डर वितळेल. इथं तर मला डोळे मिटून घ्यावे लागतायत.”

“मग भिंतीला रंग लावा पांढरा.”

“पांढराच आहे की.”

आजकालच्या पोरांना वाद घालायला फार आवडतं. आणखी चार कागद गेले. अकरा. डोकं उठलंय. ढगवाल्यांचा काळा माझ्या हाताला लागतच नाही. हात अर्धा सेकंद लवकर काढला की चिखल, उशिरा काढला की चिखल. त्यांचे प्रिंट बघतो तेव्हा वाटतं, हा माणूस काळोखाला नावानं हाक मारत होता आणि मी आंधळी कोशिंबीर खेळतोय. पुस्तकाची चार पानं तेवढी जमली. ग्रंथपालबाईंनी त्यातलं वाक्य ग्रंथालयातल्या खोलीच्या भिंतीवर पेंटरकडून रंगवूनही घेतलं: ‘शेवटी त्यांनी तो शुभ्र ठिपकाही सोडला.’ मोठ्या अक्षरांत.

१४ मार्च

आज झालेली गोष्ट लिहायची लाज वाटतेय, पण वही कोणी वाचत नाही.

डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हायपो ओतला. म्हणजे ज्यानं चित्र उगवतं त्याऐवजी ज्यानं ते पक्कं होतं ते. कागद कोरेच्या कोरे राहिले. एक, दोन, तीन, चार. मला वाटलं, कागदच मेला. पाचवा घालणार तेवढ्यात वास आला. बाटल्या सारख्या, लेबलं सारखी, त्यात काय लिहिलंय ते त्या लाल उजेडात कोणाच्या बापाला दिसेल. बाहेर येऊन हिच्यावर ओरडलो, की तू बाटल्या हलवल्यास. ही ओट्याशी उभी होती. हातातलं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, “मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

माहीत आहे.

सात कागद राहिले. संध्याकाळी ही अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाली, “माझे डोळे फार खुपतायत. शनिवारी दवाखान्यात नेता का?” म्हटलं, नेतो. ओरडलो होतो ना.

१६ मार्च, शनिवार

फसवलं. चक्क फसवलं. डोळ्यांची डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्याच इस्पितळात शिकाऊ म्हणून होती, तिच्या कितीतरी रात्रपाळ्या माझ्या चहावर निघाल्यात. ती हिला म्हणाली, “काकू, तुम्ही बसा. काका, हनुवटी इथं टेकवा.” दोघींचं आधीच ठरलेलं.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजवा पिकलाय.

“कधीपासून?” मी विचारलं.

“चार वर्षं तरी झाली असतील. काका, तुम्हाला धूसर नाही वाटलं कधी?”

मी म्हटलं, ग्रंथालयाच्या ट्यूबचा दोष आहे. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. नकाशासारखा एक कागद दाखवला आणि म्हणाली, डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, उजेड आत येत नाही, सगळं गडद दिसायला लागतं, पण इतकं हळूहळू की माणसाला वाटतं, जगच अंधारत चाललंय.

पंचवीस तारखेला उजवा, दहा एप्रिलला डावा. घरी येईपर्यंत हिच्याशी बोललो नाही. रिक्षात हिनं माझा हात धरला होता, तो काढूनही घेतला नाही.

२७ मार्च

काल पट्टी निघाली. आकाश एवढं निळं असतं हे विसरलोच होतो. मोरीच्या फरशा कळकट आहेत. हिचे केस पार पांढरे झालेत आणि गालावर वांगाचे डाग आलेत. मी एकटक बघत राहिलो तर म्हणाली, “काय, फसलात वाटतं लग्न करून?”

मग मी माझे प्रिंट काढले. सगळे ओळीनं पलंगावर मांडले. काय सांगू. धुऊन-धुऊन विरलेली फडकी. डोंगर नाहीच. पाणी नाहीच. टोकाशी मी ज्या नाजूक हातानं शाई लावली होती, तिथं पांढऱ्या कागदावर माशी बसावी तसा राखाडी धब्बा. आणि हे मी लोकांना दाखवत फिरलो, वर वाद घातला.

दिवसभर जेवण गेलं नाही.

३० मार्च

डाव्या डोळ्यात अजून जुनं भिंग आहे. त्याचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

ग्रंथालयात ढगवाल्यांनी छापलेला धक्का टेबलावर मागवला. उजव्या डोळ्यानं पाहिलं तर चुना. डोंगर म्हणजे पेन्सिलीची रेघ, धक्क्याच्या फळ्या कोळशाच्या, टोकाशी काहीच नाही. उजवा झाकून डाव्यानं पाहिलं. सगळ्या फोटोवर संध्याकाळ उतरली. पाण्याला वजन आलं, डोंगर भरला, आकाश वरून दाबत आलं. त्यांच्या जुन्या, मधल्या काळातल्या फोटोंसारखं. हा डोळा, तो डोळा, असं दहा-बारा वेळा केलं. ग्रंथपालबाईंना वाटलं, डोळ्यात काही गेलं.

त्यांची रीत बदललीच नव्हती. त्यांना ते आठही फोटो असेच भरलेले दिसत होते. दिवे बदलत होते, वीज कंपनीला पत्रं लिहीत होते आणि छापत होते. विरक्ती-बिरक्ती कसली. मोतीबिंदू. आणि मी त्यावर चार पानं लिहून स्वतःच्याच अंगावर काटा आणला.

मग ती. जुन्या डोळ्यानं पुन्हा टोकाशी पाहिलं. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. मला नव्हता का डोंगर दिसत. त्यांनी तर तिला स्वतः तिथं उभं केलं होतं. पांढऱ्या पाण्यात पांढरा कोट विरून गेला, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. सगळ्या फळ्या, सगळ्या रेघा त्या टोकाकडे धावतायत, बत्तीस फोटोंत धावतात तशा. ठिपका सोडलेला नव्हता. लेकच तो ठिपका होती.

धावत घरी आलो, निगेटिव्ह खिडकीशी धरली, भिंग लावलं. बाई उभी आहे. दोन पाय, कोट वाऱ्यानं फुगलेला, मान कॅमेऱ्याकडे. लोकांच्या हाडांतल्या केसाएवढ्या भेगा दाखवणारा मी, आणि उभी बाई डाग म्हणून बुजवली, वर तिलाच विचारलं, नीट बुजलाय ना.

१ एप्रिल

तिच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं. ती गोळ्यांच्या पट्ट्या कापत होती. मी सगळं सांगितलं, माझ्या डोळ्यापासून तिच्या बाबांच्या डोळ्यापर्यंत. ती कापतच राहिली.

“म्हणजे बाबांना मी दिसत नव्हते.”

“तू त्या कागदावर नाहीस, हे त्यांना दिसत नव्हतं.”

“त्यात फार फरक आहे का काका?”

“आहे.”

कात्री थांबली. “मग मी विचारायला हवं होतं. फोटो आला तेव्हा. पुढं दोन वर्षं होते की ते. रोज चहा नेऊन द्यायचे मी त्या खोलीच्या दारापर्यंत.”

गिऱ्हाईकानं खोकल्याचं औषध मागितलं, तिनं दिलं, जेवणानंतर दोन चमचे म्हणून सांगितलं. मी तिथंच उभा होतो. म्हणाली, “तुम्ही निघा काका. रविवारी येते.”

तिथून ग्रंथपालबाईंकडे. भिंतीवरचं वाक्य पुसा म्हटलं. पेंटर पुढच्या महिन्याशिवाय येत नाही म्हणाल्या. “आणि लोकांना आवडलंय काका ते. दोघांनी वहीत उतरवून घेतलं.” मी म्हटलं, खोटं आहे ते. म्हणाल्या, “पण किती छान आहे.” हात टेकले.

६ एप्रिल

डॉक्टरीणबाईंच्या हुकमानं डोळ्याला गॉगल लावून खोलीत शिरलो. सात कागद. दोन कापून पट्ट्या केल्या, आकडे ठरवायला. फक्त उजव्या डोळ्याचं ऐकायचं, असं ठरवलं. डावा मधेच सांगतो, पुरे, काळं झालं. त्याला रुमाल बांधला.

पहिल्यात तिचं फक्त डोकं आलं, पाण्यावर टिंब. दुसऱ्यात कोट आला, पण माझ्या हाताची सावली डोंगरावर गोल उमटली. तिसऱ्यात सगळं बरोबर आणि मधोमध केस. माझाच, डोक्यावरचा, जे काही मोजके उरलेत त्यातला. चिडून ट्रे आपटला, अंगावर पाणी. हिनं बाहेरून विचारलं, “काय फुटलं?” म्हटलं, नशीब.

चौथा जमला. खाली गवताची पाती सुटी. डोंगर भरलेला. आकाश वरून आलेलं. आणि टोकाशी नखाएवढी, पांढरी स्वच्छ, लेक. एवढ्या दिवसांत हा एकच प्रिंट, ज्याला ढगवाल्यांनी नाव ठेवलं नसतं.

एक कागद उरलाय.

७ एप्रिल, रविवार

सकाळी ती आली. मी माझा प्रिंट खिडकीशी ठेवला होता. पदरी काय पडतं म्हणून मी आणि ही, दोघं मागं उभे. तिनं बराच वेळ पाहिलं.

“जेवणाचा डबा हातात आहे,” ती म्हणाली. “मला वाटत होतं, मी तो खाली ठेवला होता.”

मग आणखी वाकून, “किती घाईत दिसतेय.”

“सुट्टी अर्ध्या तासाची ना,” ही म्हणाली, आणि दोघी हसल्या, आणि मग ती रडली. हिनं तिला जवळ घेतलं. मी खिडकीचं काळं कापड उगाच नीट केलं.

तोंड धुऊन आली आणि विचारलं, “कागद राहिलाय का एखादा?”

“एक.”

“मी करू?”

शेवटचा कागद, आणि या पोरीनं जन्मात कधी छापलेलं नाही. बापानं किती विनवण्या केल्या असतील या खोलीत यायच्या. कर म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

लाल दिव्यात तिला दाखवलं, हात असा धरायचा, इतक्या आकड्यांनी काढायचा. ती गोळ्या मोजाव्यात तशी ओठांतल्या ओठांत मोजत होती. डोंगरावरचा हात लवकर काढला. मी जीभ चावली. स्वतःवर उजेड जास्त पडू दिला, बघतच राहिली, हात धरायचं विसरली असेल किंवा नसेलही. ट्रेमध्ये चित्र उगवायला लागलं तेव्हा म्हणाली, “बाबा हे रोज बघायचे?”

“रोज.”

बाहेर आणून बघितलं. डोंगर काजळ. एक कड वाकडी. आणि ती पांढरी राहिलेलीच नाही, राखेच्या रंगाची झालीय, कोटाच्या घड्यासुद्धा दिसतात. मी शक्य तितक्या प्रेमानं म्हटलं, “पहिल्या खेपेला छान आहे. खोलीत आपण माझा लावू.”

“हाच लावा.”

“अगं, त्यांच्या रीतीत बसत नाही हा. तो ठिपका पांढरा हवा. सगळी रीत त्या ठिपक्यावर उभी आहे.”

“ठिपका नाही काका ते. मी आहे.”

ही माझ्याकडे बघत होती, ते न बघताही मला कळलं.

“बरं,” म्हटलं.

ग्रंथपालबाईंना फोन करून सांगितलं, बापाचा आणि लेकीचा, दोन्ही शेजारी-शेजारी लागतील. कडा सरळ आहेत ना, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, नाहीत. भिंतीवरच्या वाक्यावरून पुन्हा भांडलो, शेवटी उघडण्याच्या दिवसापुरता त्यावर कागद चिकटवू देणार आहेत. त्या कागदावर काय लिहायचं, ते दुपारपासून जमवतोय. सहा वेळा खोडलं.

तिचा प्रिंट दोरीवर वाळतोय, माझा खणात आहे. जाता-येता नजर जातेच. डोंगर फारच काळा केला तिनं. अर्धा सेकंद, फक्त अर्धा सेकंद हात उशिरा काढला असता तर.